कॉरोनरचे निवारक अहवाल व रस्त्यावरील मृत्यू

कॉरोनरचे निवारक अहवाल : एखाद्या अपमृत्यूची चौकशी करीत असताना तशाच परिस्थितीत पुढेही मृत्यू घडण्याचा धोका आहे असे दिसून आल्यास, तो धोका दूर करण्याचे अधिकार ज्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या हाती असतील तिला कॉरोनरने पाठवावयाचा लेखी अहवाल. इंग्लंड व वेल्समध्ये अशा अहवालास ‘भावी मृत्यूंच्या निवारणाचा अहवाल’ असे म्हणतात. रुग्णालये, कारागृहे, कारखाने इ. ठिकाणच्या मृत्यूंप्रमाणेच रस्त्यावरील मृत्यूंनंतरही असे अहवाल दिले जातात. रस्त्यावरील मृत्यूचे कारण बहुधा चालकाच्या चुकीत शोधले जाते आणि ती चूक सापडली की शोध थांबतो. कॉरोनरची चौकशी त्यापुढे जाऊन रस्त्याची रचना, वाहनाची स्थिती व प्रचलित नियम यांच्यापर्यंत पोहोचू शकते, हे या अहवालांचे वैशिष्ट्य होय.

कॉरोनर हा स्वतंत्र न्यायिक अधिकारी असतो. हिंसक, अनैसर्गिक किंवा अज्ञात कारणाने झालेल्या मृत्यूची जी प्रकट चौकशी तो करतो, तिला मरणान्वेषण म्हणतात. मृत व्यक्ती कोण होती आणि तिला मृत्यू कधी, कोठे व कसा आला, या चार प्रश्नांची उत्तरे त्याने द्यावयाची असतात. कोणा नामनिर्दिष्ट व्यक्तीचे फौजदारी दायित्व किंवा कोणाचेही दिवाणी दायित्व ठरविल्यासारखे वाटेल, असा निष्कर्ष नोंदविण्यास त्याला कायद्याने मनाई आहे. ही मनाई वरकरणी उणीव वाटते. पण निवारणाच्या दृष्टीने तीच उपकारक ठरली आहे. फौजदारी न्यायालयासमोर आरोपी असतो आणि त्याचा गुन्हा सिद्ध झाला की प्रश्न मिटतो. कॉरोनरसमोर आरोपी नसतो. त्यामुळे चालकाचा निष्काळजीपणा मान्य करूनही, त्या निष्काळजीपणाचे पर्यवसान मृत्यूत का झाले, हा पुढचा प्रश्न तो विचारू शकतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कॉरोनरचे पद इंग्लंडमध्ये ११९४ साली निर्माण झाले. राजाच्या महसुली हितसंबंधांचे रक्षण हे त्याचे मूळ काम होते. ज्या वस्तूमुळे मनुष्याचा मृत्यू घडला ती वस्तू, किंवा तिच्या किंमतीइतकी रक्कम, राजाकडे जमा करण्याची ‘डिओडँड’ नावाची प्रथा मध्ययुगापासून चालत आली होती. बैलगाडीखाली कोणी सापडल्यास तिच्या चाकाची किंवा गाडीची किंमत कॉरोनरची ज्यूरी ठरवीत असे. रेल्वे सुरू झाल्यावर या जुन्या प्रथेला अनपेक्षित धार आली. २४ डिसेंबर १८४१ रोजी ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या सॉनिंग येथील खोदमार्गात दरड कोसळून एक मालगाडी तिच्यावर आदळली. नाताळसाठी घरी निघालेले कामगार या गाडीच्या उघड्या डब्यांतून प्रवास करीत होते व त्यांपैकी काहीजण ठार झाले. ज्यूरीने इंजिन व डबे यांवर १,००० पौंडांचा डिओडँड आकारला. अशा मोठ्या आकारण्यांमुळे रेल्वे कंपन्या अस्वस्थ झाल्या आणि १८४६ मध्ये ही प्रथाच रद्द करण्यात आली. त्याच वर्षी मृताच्या कुटुंबियांना नुकसानभरपाई मागण्याचा हक्क देणारा वेगळा कायदाही झाला. दरम्यान १८४४ च्या रेल्वे कायद्याने तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना बसण्याची सोय असलेले व ऊनपावसापासून संरक्षित असे डबे पुरविणे कंपन्यांना भाग पाडले होते.

ब्रिटनमध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाडीखाली पादचाऱ्याचा पहिला मृत्यू १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात झाला. ज्यूरीने ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय दिला. असा प्रकार पुन्हा कधी घडू नये, अशी आशा कॉरोनरने व्यक्त केली. पण आशा व्यक्त करण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नव्हते. निर्णयाला पुरवणी शिफारस जोडण्याची ज्यूरीची जुनी चाल होती. तथापि तिला उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नव्हते. १९७१ मध्ये ब्रॉड्रिक समितीने या पद्धतीचा फेरविचार सुचविला आणि १९८० मध्ये पुरवणी शिफारसी बंद झाल्या. त्यापूर्वी १९७७ मध्ये, ठराविक व्यक्तीला खटल्यासाठी पाठविण्याचा ज्यूरीचा अधिकारही काढून घेण्यात आला होता. दोषारोपाचे काम अशा रीतीने दूर झाल्यावर निवारणाच्या कामाला हळूहळू निश्चित रूप आले. १९८४ च्या कॉरोनर नियमांतील ४३ व्या नियमाने, पुनरावृत्ती टाळण्यासाठी संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळविण्याची मुभा कॉरोनरला दिली. २००८ मध्ये या नियमात दुरुस्ती होऊन अहवालास उत्तर देणे सक्तीचे झाले.

अहवालाची पद्धती : २००९ चा कॉरोनर व न्याय अधिनियम जुलै २०१३ मध्ये अंमलात आल्यापासून मुभेची जागा कर्तव्याने घेतली आहे. पुढील मृत्यूंचा धोका दिसल्यास कॉरोनरने अहवाल दिलाच पाहिजे. त्यात मृत्यूची परिस्थिती व चिंतेच्या बाबी स्पष्ट लिहावयाच्या असतात. कोणती उपाययोजना करावी हे मात्र कॉरोनरने सांगावयाचे नसते. कारण तो रस्ते-अभियंता किंवा वाहनतज्ञ नसतो. ज्याला अहवाल मिळतो त्याने ५६ दिवसांच्या आत, केलेली किंवा योजिलेली कार्यवाही वेळापत्रकासह कळवावी लागते; काहीच करावयाचे नसल्यास त्याची कारणे द्यावी लागतात. अहवाल व उत्तरे मुख्य कॉरोनरकडे जातात व सामान्यतः ती प्रसिद्ध केली जातात. धोका ज्या मृत्यूच्या चौकशीत दिसला त्या मृत्यूला तो कारणीभूत झालाच असला पाहिजे, अशी अट नाही. चौकशीच्या ओघात एखादे खराब वळण किंवा झिजलेली दर्शक-रेषा नजरेस आली, तरी ती अहवालाचा विषय होऊ शकते.

काही उद्‌बोधक प्रकरणे : १० सप्टेंबर २०१२ रोजी वाइट बेटावरील संगीतमहोत्सवाहून लिव्हरपूलकडे परतणारी एक प्रवासी बस सरे परगण्यातील हाइंडहेडजवळ रस्ता सोडून झाडावर आदळली व चालकासह तिघे ठार झाले. पुढच्या चाकाचा टायर फुटला होता. तो एकोणीस वर्षांहून अधिक जुना होता. किंबहुना ज्या बसला तो बसविला होता तिच्याहूनही त्याचे वय जास्त होते. तरीही बस बेकायदा नव्हती. कायदा टायरवरील खाचांची खोली मोजत असे, वय मोजत नसे. रबर हवेतील ऑक्सिजनमुळे व उष्णतेमुळे वर्षानुवर्षे कडक होत जाते आणि आतील तारा व धागे यांना धरून ठेवणारी पकड सैल होते. कमी वापरलेल्या टायरच्या खाचा मात्र नव्यासारख्या दिसतात. त्यामुळे तपासनीसाला तो निर्दोष वाटतो. निर्मितीचा काळ टायरच्या बाजूवर सांकेतिक आकड्यांत कोरलेला असतो. परंतु २००० पूर्वीच्या तीन आकडी संकेतात वर्षाचा केवळ शेवटचा अंक असल्यामुळे दशक कोणते हे त्यावरून सहज कळत नसे.

या मृत्यूंच्या मरणान्वेषणानंतर कॉरोनरने टायरच्या वयाला कायद्यात मर्यादा नसल्याची बाब परिवहन खात्याला कळविली. खात्याने प्रथम, दहा वर्षांवरील टायर पुढच्या आसाला लावू नयेत असा सल्ला बसमालकांना दिला. सक्ती करण्याइतका पुरावा नाही, अशी त्याची भूमिका होती. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने हा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला. पुढे शासनाने टायरच्या जीर्णतेवर स्वतंत्र संशोधन करविले आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून मालमोटारी व बस यांच्या पुढच्या आसावर, तसेच लहान बसच्या एकेरी चाकांवर, दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी घालण्यात आली. टायरवरील निर्मितीची तारीख वाचता येण्याजोगी असली पाहिजे, असेही बंधन त्याबरोबर आले. अपघात व बंदी यांच्यामध्ये आठ वर्षे व सु. पाच महिने गेले. अहवालांची उपयुक्तता सांगताना हे प्रकरण नेहमी पुढे केले जाते. ते जितके यशाचे तितकेच विलंबाचेही उदाहरण आहे.

रस्त्याच्या रचनेविषयीचे ठळक प्रकरण तथाकथित ‘स्मार्ट’ द्रुतगती मार्गांचे आहे. नवीन जमीन न घेता वाहतुकीची क्षमता वाढविण्यासाठी इंग्लंडमधील काही मार्गांवर, बिघडलेल्या वाहनांना थांबण्यासाठी राखून ठेवलेली कडेची पट्टी रहदारीला खुली करण्यात आली. थांबण्यासाठी ठराविक अंतरावर आश्रयस्थाने ठेवली होती व अडकलेले वाहन दिसताच विद्युत् फलकांवरून ती मार्गिका बंद करावयाची होती. जून २०१९ मध्ये शेफील्डजवळ एम १ या मार्गावर दोन वाहनांची किरकोळ टक्कर झाली. तपशील घेण्यासाठी दोन्ही चालक मार्गिकेतच थांबले असता मागून आलेल्या मालमोटारीने त्यांना चिरडले. मालमोटारीच्या चालकाने गुन्हा कबूल केला व त्याला कारावास झाला. जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या मरणान्वेषणात कॉरोनरने मृत्यूंचे मुख्य कारण त्या चालकाचे दुर्लक्ष हेच असल्याचे मान्य केले. परंतु कडेची पट्टी असती तर ते दोघे तेथे उभे राहिले नसते, याकडे लक्ष वेधून अशा मार्गांमुळे पुढेही मृत्यूंचा धोका असल्याचे त्याने परिवहन मंत्री व महामार्ग प्राधिकरण यांना कळविले. २०२२ मध्ये नव्या मार्गांचे काम स्थगित करून अस्तित्वातील मार्गांवर अधिक आश्रयस्थाने बांधण्यासाठी निधी देण्यात आला आणि एप्रिल २०२३ मध्ये नियोजित नवे स्मार्ट मार्ग रद्द झाले. संसदीय समितीची टीका, मृतांच्या नातेवाइकांचे आंदोलन आणि वाढता खर्च यांचाही या निर्णयात वाटा होता. कोणताही एक अहवाल एकट्याने धोरण बदलीत नाही.

लंडनमधील सायकलस्वारांच्या दोन मृत्यूंवरील २०१३ च्या अहवालाचा रोख वेगळा होता. शहराच्या पूर्व भागातील एका मुख्य रस्त्यावर निळा रंग देऊन सायकलींचा मार्ग दाखविला होता. मोटारींपासून तो कशानेही विलग केलेला नव्हता. त्यावर कायद्याने कोणाचा अग्रक्रम आहे हे चालकांना कळत नव्हते आणि सायकलस्वारांना मात्र आपण सुरक्षित पट्ट्यात आहोत असा भास होत होता. रंगाने दिलेले आश्वासन रस्ता पाळू शकत नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सु. दोन आठवड्यांत लंडनमध्ये सहा सायकलस्वार मृत्युमुखी पडल्यावर या विषयाला धार आली. पुढे ऑल्डगेट ते बो या टप्प्यावर दगडी कडेने विलग केलेला सायकलमार्ग बांधण्यात आला व तो २०१६ मध्ये पूर्ण झाला. मालमोटारींच्या चालकाला बसल्या जागेवरून बाहेरचे किती दिसते यावर आधारलेली परवानापद्धतीही लंडनने २०२१ पासून लागू केली.

एप्रिल २०२५ मध्ये लँकाशरच्या वरिष्ठ कॉरोनरने चार पादचाऱ्यांच्या मृत्यूंवर एकत्रित अहवाल दिला. तिन्ही अपघातांतील वृद्ध चालकांची दृष्टी वाहन चालविण्यास अपुरी होती. त्यांना फौजदारी न्यायालयांनी शिक्षा केल्या होत्या. त्यामुळे नेहमीच्या रीतीने पाहता ही प्रकरणे संपली होती. कॉरोनरने विचारलेला प्रश्न असा, की या व्यक्तींच्या हाती परवाना राहिला कसा. ब्रिटनमध्ये परवाना मिळताना वीस मीटरवरील वाहनक्रमांक वाचून दाखवावा लागतो. त्यानंतर दृष्टीविषयी चालकाच्या स्वतःच्या निवेदनावर भिस्त ठेवली जात होती आणि सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणातही प्रत्यक्ष तपासणी नव्हती. ही व्यवस्था यूरोपातील सर्वांत शिथिल असल्याचे कॉरोनरने नमूद केले. २०२६ च्या आरंभी ब्रिटिश शासनाने रस्ता-सुरक्षेचे नवे धोरण जाहीर करून सत्तर वर्षांवरील चालकांच्या सक्तीच्या दृष्टिपरीक्षेविषयी मते मागविली. स्कॉटलंडमध्ये कॉरोनर नसतो. तेथे शेरीफपुढे प्राणांतिक अपघातांची चौकशी होते. डिसेंबर २०१४ मध्ये ग्लासगो येथे कचरागाडीचा चालक बेशुद्ध होऊन सहाजण ठार झाले, त्या प्रकरणी शेरीफने डिसेंबर २०१५ मध्ये केलेल्या १९ शिफारसींतही हाच मुद्दा होता : आजार लपविणाऱ्या चालकाच्या निवेदनावर परवाना देणाऱ्या यंत्रणेने किती विसंबावे.

मर्यादा : अहवाल बंधनकारक नसतो. उत्तर देणे सक्तीचे असले तरी ते न दिल्यास दंडाची तरतूद नाही आणि उत्तरात दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कॉरोनरवर नाही. चौकशी संपली की त्याचे काम संपते. एखाद्या प्रांतातील कॉरोनरने दाखविलेला दोष दुसऱ्या प्रांतातील रस्ते-प्राधिकरणाला कळेलच असे नाही. अहवाल प्रसिद्ध होत असले, तरी ते शोधून त्यांतील समान दुवे जुळविण्याचे काम बरेचसे विद्यापीठांतील संशोधकांनी व मृतांच्या नातेवाइकांनीच केले आहे. याहून कमी बोलली जाणारी अडचण म्हणजे चालकावर प्राणांतिक अपघाताचा खटला भरला गेल्यास मरणान्वेषण स्थगित होते व खटला संपल्यावर, पुरेसे कारण असल्याखेरीज, ते पुन्हा सुरू होत नाही. म्हणजे दोषी चालक सापडलेल्या कित्येक मृत्यूंत रस्त्याची बाजू तपासलीच जात नाही.

एकाच मृत्यूवरून काढलेला निष्कर्ष सरसकट लागू करण्याचाही धोका असतो. न्यूझीलंडमध्ये एका सायकलस्वाराच्या मृत्यूनंतर कॉरोनरने २०१३ मध्ये सर्व सायकलस्वारांना ठळक रंगाचे चकाकते कपडे सक्तीचे करावेत असे सुचविले. ते वादग्रस्त ठरले व स्वीकारले गेले नाही. मरणाऱ्यावरच सावधगिरीचा भार टाकणारी ही सूचना होती, हा आक्षेप रास्त होता. त्याच देशात दुसऱ्या कॉरोनरने अनेक सायकलस्वारांच्या मृत्यूंचा एकत्र विचार करून तज्ञमंडळ नेमण्याची शिफारस केली. त्यानुसार नेमलेल्या मंडळाने डिसेंबर २०१४ मध्ये सविस्तर अहवाल दिला. ऑस्ट्रेलियाने या दिशेने पुढचे पाऊल टाकले असून कॉरोनरांच्या सर्व प्रकरणांची राष्ट्रीय माहितीसंचयिका जुलै २००० पासून ठेवली आहे. त्या देशातील व्हिक्टोरिया राज्याच्या २००८ च्या कायद्यानुसार शिफारशीला तीन महिन्यांत उत्तर द्यावे लागते.

ग्रेट ब्रिटनमध्ये रस्त्यावरील मृत्यूंची संख्या १९६६ मध्ये ७,९८५ होती; २०२३ मध्ये ती १,६२४ वर आली. या घटीचे मोठे श्रेय १९६७ ची मद्यमर्यादा, १९८३ पासून सक्तीचा झालेला पुढच्या आसनांवरील पट्टा, वाहनांची सुधारलेली बांधणी व रस्त्यांची फेररचना यांना आहे. कॉरोनरांचे अहवाल अशा व्यापक उपायांची जागा घेऊ शकत नाहीत. आकडेवारीत न दिसणारा दोष दाखविणे, हे त्यांचे क्षेत्र. एकोणीस वर्षांचा टायर कोणत्याही तक्त्यात नोंदलेला नव्हता.

भारतातील स्थिती : भारतात कॉरोनरचे पद १८७१ च्या अधिनियमान्वये मुंबई व कलकत्ता या इलाखा शहरांपुरते होते. मुंबईतील कॉरोनर न्यायालय हे शहराच्या जीवनातील परिचित संस्था होती. १९९९ मध्ये मुंबईतील हे पद रद्द झाले व शहरातील अपमृत्यूंची चौकशी राज्यातील इतर भागांप्रमाणेच पोलिसांकडे आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार होणारी ही चौकशी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पंचांसमक्ष मृतदेहाची पाहणी करून मृत्यूचे दर्शनी कारण व जखमांचे वर्णन नोंदविणे एवढाच तिचा हेतू असून, अपघाताच्या मुळाशी जाणे तिच्या कक्षेत येत नाही. पुढे चालकाचा दोष फौजदारी न्यायालय ठरविते व नुकसानभरपाई मोटार अपघात न्यायाधिकरण. तेथे पूल अरुंद होता काय, दुभाजक उघडा होता काय, हे प्रश्न आलेच तर भरपाईच्या अनुषंगाने येतात. त्यांची उत्तरे रस्ता बांधणाऱ्याकडे जातीलच असे नाही.

२०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. एवढ्या मृत्यूंचा विचार करण्यासाठी भारताने एकेका मृत्यूऐवजी एकेका स्थळाचा मार्ग स्वीकारला आहे. राष्ट्रीय महामार्गावरील सु. ५०० मी. लांबीच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात अथवा दहा मृत्यू झाल्यास तो ‘अपघातप्रवण स्थळ’ मानला जातो. पद्धत सोयीची असली, तरी धोका ओळखण्यापूर्वी ठराविक संख्येने माणसे मरावी लागतात, ही तिची उघड उणीव आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अपघातांच्या सखोल अभ्यासासाठी योजना करण्याचा अधिकार केंद्र शासनाला दिला. तसेच कलम १९८-अ अन्वये रस्त्याच्या आराखड्यात वा बांधणीत ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू घडल्यास संबंधित प्राधिकरण किंवा ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्या वर्षापासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस व एक स्वयंसेवी संस्था यांनी अपघातस्थळांची अभियांत्रिकी पाहणी करून उघडे खांब, तुटके कठडे व कडेच्या टणक वस्तू यांचा बंदोबस्त केला आणि मृत्यूंची संख्या नंतर बरीच खाली आली. ही पाहणी सहकार्याच्या करारावर चालते. तिच्यातून निघालेल्या निष्कर्षांना ठराविक दिवसांत लेखी उत्तर देण्याचे, किंवा ते उत्तर लोकांपुढे ठेवण्याचे, बंधन कायद्याने कोणावरही घातलेले नाही.